थिंकपॅडच्या पोटातलं ईएम७४५५ : जीपीएस म्हणून कसं आहे?

सिएरा वायरलेसचं ईएम७४५५ हे मोबाइल इंटरनेटचं कार्ड २०१६ च्या पिढीच्या थिंकपॅडांत बऱ्याचदा सापडतं. टी४६०, एक्स२६०, पी५०, एक्स१ कार्बनची चौथी आवृत्ती, या सगळ्यांत ते पर्याय म्हणून मिळत होतं, आणि हे लॅपटॉप आता कंपन्यांकडून सुटून रिफर्बिश्ड बाजारात आले आहेत. कार्डाच्या वर्णनात ‘जीपीएस’ लिहिलेलं असतं. ते खरं आहे. जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची तशीच उपग्रह-प्रणाली) दोन्ही पकडणारा रिसीव्हर त्यात आहे. तरीही ओपनसीपीएन (बोटीसाठीचं नकाशा-सॉफ्टवेअर) किंवा क्यूजीआयएस (नकाशे आणि सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर) उघडलं की पोर्टांच्या यादीत त्याचा मागमूस नसतो. मग घेणारा कार्ड बिघडलं असं समजून ते परत तरी करतो, नाहीतर लॅपटॉप फॉरमॅट करतो. दोन्हीची गरज नसते.

आधी निकाल. रिसीव्हर म्हणून हे कार्ड ५ पैकी ४ गुणांचं आहे. विंडोजवर नकाशाच्या जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरला जोडण्याच्या सोयीत ते २ गुणांच्या वर जात नाही. लिनक्सवर तीच सोय साडेतीनपर्यंत जाते. एकाच कार्डाचे इतके वेगवेगळे गुण का, ते समजलं की दुरुस्तीचा बहुतेक भाग आपोआप सुटतो.

सॉफ्टवेअरला रिसीव्हर का दिसत नाही

बोटीवरचं, गाडीतलं, सर्वेक्षणाचं बहुतेक सॉफ्टवेअर जीपीएसशी एकाच पद्धतीने बोलतं: सीरियल पोर्ट (विंडोजच्या भाषेत कॉम पोर्ट) उघडायचा आणि त्यातून येणाऱ्या एनएमईए ०१८३ या ठरलेल्या पद्धतीच्या मजकुराच्या ओळी वाचायच्या. एका ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग आणि दिशा. दुसरीत उंची आणि किती उपग्रह वापरले ते. तिसरीत प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद. मूळ वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट. पद्धत साधी आणि टिकाऊ आहे, म्हणून ती अजून चालते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, सेन्सर आणि लोकेशनची वेगळी व्यवस्था आणली. विंडोज ८ पासून मोबाइल कार्डातले जीपीएस याच व्यवस्थेत नोंदवले जाऊ लागले. लेनोवोच्या ड्रायव्हरने बसवलेलं ईएम७४५५ विंडोज १० वर कॉम पोर्ट देतच नाही. ते ‘लोकेशन सेन्सर’ म्हणून हजर होतं आणि स्थान विंडोजच्या स्वाधीन करतं. ज्याला स्थान हवं त्याने विंडोजकडे मागायचं. ओपनसीपीएन मात्र कॉम पोर्टाकडे डोळे लावून बसलेलं. पोस्टमन मागच्या दाराने पत्र टाकून गेला आणि घरचे पुढच्या दारात उभे, असा हा प्रकार आहे.

म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीत पोर्ट नसणं हे या कार्डाच्या बाबतीत बिघाडाचं लक्षण नाही. पोर्टांची यादी पुन्हा पुन्हा ताजी करून, बॉड बदलून, सॉफ्टवेअर काढून परत टाकून काहीही होणार नाही. पण म्हणून बिघाड नसतोच असंही नाही. दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: विंडोजला स्वतःला स्थान मिळतंय का, आणि ते सॉफ्टवेअरपर्यंत पोचतंय का. हा क्रम कधी उलटा करू नये.

आधी कार्ड, मग विंडोज, मग आकाश

डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडॅप्टर्सच्या खाली ‘सिएरा वायरलेस ईएम७४५५ क्वालकॉम स्नॅपड्रॅगन एक्स७ एलटीई-ए’ असं नाव दिसलं पाहिजे, आणि सेन्सर्सच्या खाली ‘सिएरा वायरलेस लोकेशन सेन्सर’. दोन्ही आहेत तर पुढे चला. पहिलं आहे आणि दुसरं नाही, तर ड्रायव्हर अर्धवट बसलाय. विंडोजने स्वतः शोधून टाकलेल्या ड्रायव्हरने इंटरनेट चालतं, सेन्सर उगवतोच असं नाही. त्या मॉडेलसाठी लेनोवोचा संपूर्ण पॅकेज उतरवून टाका आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा. नुसतं रीस्टार्ट बऱ्याचदा पुरतं, पण कार्डाची वीज खरोखर तुटावी म्हणून बंद करणंच बरं.

दोन्ही नसतील तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा. सिक्युरिटीखाली आय/ओ पोर्ट ॲक्सेस असा भाग आहे, त्यात ‘वायरलेस वॅन’ (म्हणजे मोबाइल कार्ड) डिसेबल्ड असेल तर विंडोजला कार्ड कधीच दिसणार नाही. कंपन्यांच्या आयटी विभागांनी हे बंद करून ठेवणं अगदी स्वाभाविक आहे, आणि विक्रेता बायॉस मूळ स्थितीत आणतोच असं नाही. तिथे चालू असूनही काही दिसलं नाही, तर कार्डच काढून घेतलेलं असण्याची शक्यता मोठी.

कार्ड उघडून पाहायचं असेल तर आधी बायॉसमधल्या पॉवरच्या भागात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ करा. खालचं झाकण काढल्यावर एम.२ च्या ३०४२ मापाचं कार्ड दिसेल, वर दोन बारीक ॲन्टेना जोडण्या. इथे जीपीएसच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. एक जोडणी मुख्य, दुसरी सहायक, आणि जीपीएसचा सिग्नल सहायक जोडणीतून येतो. फक्त मुख्य तार बसलेली असेल तर मोबाइल इंटरनेट बऱ्यापैकी चालतं आणि जीपीएसला एकही उपग्रह मिळत नाही. इंटरनेट चालतंय म्हणजे ॲन्टेना ठीक आहे, हा निष्कर्ष म्हणून काढू नये. एखादी तार निसटलेली असेल तर अंगठ्याने सरळ खाली दाबा, टक् असा बारीक आवाज येतो. तिरकी दाबली तर कार्डावरचा गोल कडा वाकतो, आणि तो परत सरळ होत नाही.

लॅपटॉप मुळात मोबाइल कार्डाशिवाय विकला गेलेला असेल, तर स्क्रीनच्या चौकटीत त्या ॲन्टेना बसवलेल्याच नसू शकतात. नुसतं कार्ड आणून खोचणाऱ्यांची इथेच निराशा होते. खाचेजवळ दोन मोकळ्या तारांची टोकं चिकटपट्टीखाली दिसली तर ठीक. नसतील तर स्क्रीन उघडून ॲन्टेना ओढण्याचा खटाटोप आमच्या मते करण्यासारखा नाही. दुसरा अडथळा, जुन्या थिंकपॅडांचा बायॉस लेनोवोने मान्य केलेलं कार्डच स्वीकारतो. दुसऱ्या ब्रँडचं तेच कार्ड टाकलं तर सुरू होतानाच १८०२ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. लेनोवोच्या कार्डाची ओळख यूएसबी क्रमांकावरून पटते: ११९९ आणि ९०७९. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडीत हे दोन आकडे दिसतात.

आता विंडोजच्या परवानग्या. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात लोकेशन. तिथे तीन बटणं असतात आणि तिन्ही चालू हवीत: लोकेशन सेवा स्वतः, ॲप्सना परवानगी, आणि सगळ्यात खाली डेस्कटॉप ॲप्सना परवानगी. हे तिसरं बटण वेगळं आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. ओपनसीपीएनसाठी लागणारे पूल-प्रोग्राम (विंडोजचं स्थान सॉफ्टवेअरपर्यंत नेणारे, त्यांच्याबद्दल पुढे) डेस्कटॉप ॲप्सच्या यादीत मोडतात. ते बटण बंद असेल तर पूल चालू दिसतो, चूक दाखवत नाही, आणि आकडे मात्र रिकामे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘जिओलोकेशन सर्व्हिस’ डिसेबल्ड केलेली नाही ना, तेही पाहा. विंडोज हलकं करणारे प्रोग्राम हिच्यावर पहिला हात मारतात.

एअरप्लेन मोड बंद हवा. तो चालू केला की कार्डाचा रेडिओ बंद होतो आणि जीपीएस त्याच कार्डात असल्याने तोही जातो. फोनवर तसं होत नाही, म्हणून इथे फसगत होते. बॅटरी वाचवायची असेल तर एअरप्लेन मोड न लावता फक्त मोबाइल डेटा तोडा. स्थान मिळवण्यासाठी सिम लागत नाही, डेटाही लागत नाही. डेटा असला तर पहिलं स्थान लवकर मिळायला मदत होते, एवढंच.

आणि आकाश. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. काँक्रीटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये फोनला स्थान मिळतं ते बऱ्याचदा वायफायवरून. त्यावरून लॅपटॉपला नावं ठेवू नयेत. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, पण वेग अवघा ५० बिट प्रतिसेकंद. मध्येच सिग्नल तुटला की पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. कित्येक महिने वापरलं नसेल किंवा लॅपटॉप दुसऱ्या देशातून आला असेल, तर पहिल्या वेळी उघड्यावर, स्क्रीन उभी ठेवून, १५ मिनिटं हात न लावता थांबा. ॲन्टेना स्क्रीनच्या चौकटीत असतात. झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत ठेवला किंवा स्क्रीन आडवी केली तर त्यांचं तोंड बदलतं. गाडीत डॅशबोर्डजवळ उघडा ठेवणं सगळ्यात बरं. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तिथेही सिग्नल खाली येतो.

विंडोजला स्थान मिळालं का, हे ब्राउझरमधल्या नकाशावरून तपासू नका. ब्राउझर वायफायच्या किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून स्वतःच अंदाज बांधू शकतो आणि टिंब दाखवून मोकळा होतो. खरी परीक्षा वेगळी: वायफाय बंद, मोबाइल डेटा बंद, लॅपटॉप उघड्यावर. अशा स्थितीत मिळालेलं नवं स्थान उपग्रहांचंच.

पूल बांधणं, आणि त्यातला खरा धोका

विंडोजकडे स्थान पोचतंय हे पक्कं झालं की मग पुलाचं काम. विंडोजच्या सेन्सरकडून स्थान घेऊन त्याच्या एनएमईए ओळी बनवणारे छोटे प्रोग्राम मिळतात. जीपीएसरिव्हर्स हा त्यातला परिचित. ओळी बाहेर सोडायचे दोन मार्ग आहेत, आभासी कॉम पोर्ट किंवा नेटवर्क.

ओपनसीपीएनसाठी नेटवर्कचाच मार्ग धरा. पुलाला टीसीपी किंवा यूडीपीवर ओळी सोडायला सांगा, पोर्ट १०११० ठेवा, तो एनएमईए ०१८३ साठीच नोंदवलेला क्रमांक आहे. ओपनसीपीएनच्या ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स, तिथे नवी जोडणी, प्रकार नेटवर्क, पत्ता १२७.०.०.१, तोच पोर्ट. आभासी पोर्टाचा ड्रायव्हर नाही, क्रमांकांची भांडणं नाहीत. तिथेच येणाऱ्या ओळी दाखवणारी खिडकीही उघडता येते, ती पहिल्या दिवशी उघडीच ठेवा. ओळी येत आहेत आणि बोट हलत नाही, तर दोष ओळींच्या मजकुरात. ओळीच नाहीत, तर दोष पुलात किंवा परवानगीत.

क्यूजीआयएसला पुलाच्या या ओळींसाठी मात्र सीरियल पोर्ट लागतो. त्यासाठी कॉम०कॉमसारख्या प्रोग्रामने पोर्टांची जोडी बनवायची, एका टोकात पूल लिहितो, दुसऱ्या टोकातून क्यूजीआयएस वाचतं. नेहमीची चूक म्हणजे दोघांना एकच टोक देणं. पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात राहतो, दुसऱ्याला ‘ॲक्सेस डिनाइड’ मिळतं. जोडीची नावं नेहमीच्या पद्धतीची, म्हणजे कॉम५ आणि कॉम६ अशी करून घ्या. मूळ नावं बऱ्याच सॉफ्टवेअरच्या यादीत येत नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर कॉम०कॉमच्या काही आवृत्त्यांचा ड्रायव्हर विंडोज नाकारतं, मग सही केलेली आवृत्ती शोधावी लागते. क्यूजीआयएसमध्ये जीपीएस इन्फर्मेशन पॅनल उघडून ‘ऑटोडिटेक्ट’वर विसंबू नका, पोर्ट स्वतः निवडा. ऑटोडिटेक्ट एकेक पोर्ट ठोठावत जातं, त्यात ब्लूटूथचे पोर्ट आले की बराच वेळ अडकतं.

आता धोका. विंडोजची लोकेशन सेवा फक्त उपग्रहांचं स्थान देत नाही. उपग्रह नसतील तर ती वायफायवरून देते, तेही नसेल तर इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि तुम्ही स्वतः नेमून ठेवलेलं ‘डिफॉल्ट’ स्थानही पुढे करू शकते. पूल हे सगळं सारख्याच ओळींत बांधून पाठवतो. ओपनसीपीएनला फरक कळत नाही. मालवणच्या जेटीवर बसलेल्या माणसाची बोट मुंबईत दिसू शकते, कारण इंटरनेट कंपनीचा पत्ता मुंबईत नोंदलेला असतो. बोट इतक्या लांब दिसली तर लगेच कळतं. वाईट प्रकार तो, ज्यात वायफायवरून मिळालेलं स्थान शंभरेक मीटर चुकतं आणि बरोबरच वाटतं. खडकांच्या किनाऱ्याजवळ शंभर मीटर म्हणजे फार झाले.

म्हणून पूल निवडताना एकच कसोटी लावा: स्थानाचा स्रोत आणि अचूकतेचा आकडा तो दाखवतो का? स्रोत ‘सॅटेलाइट’ आणि अचूकता १० ते २० मीटरच्या आत, तरच विश्वास. अचूकता शेकड्यांत गेली की ते वायफाय, हजारांत गेली की इंटरनेटचा पत्ता. विंडोजमध्ये नेमलेलं डिफॉल्ट स्थान पुसून टाका. बोटीवर वापरताना वायफाय बंदच ठेवा, म्हणजे दुसरा स्रोत उरतच नाही.

आणखी एक उणीव सांगायला हवी. उपग्रहांची यादी आणि सिग्नलची ताकद पुलामधून बहुधा येत नाही. काही पूल ती मनाने भरतात. त्यामुळे नकाशावर ‘१२ उपग्रह’ दिसले तरी ते खरे असतील असं नाही. वेग आणि दिशा कधी रिकामी येते, विशेषतः थांबलेलं असताना. सर्वेक्षणाच्या नोंदींना उपग्रहांची संख्या आणि डीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे वाढणाऱ्या चुकीचा आकडा) जोडायचे असतील तर हा मार्ग तुमचा नाही.

लिनक्सवर तेच कार्ड

इथे त्याच कार्डाची लायकी दिसते. उबंटू किंवा डेबियनमध्ये मोडेममॅनेजर हा प्रोग्राम कार्ड ओळखतो. त्याच्या एमएमसीएलआय या आज्ञेने लोकेशनचे ‘जीपीएस-एनएमईए’ आणि ‘जीपीएस-रॉ’ हे दोन स्रोत चालू केले की अस्सल ओळी वाचता येतात. उपग्रहांची ताकदही खरी. आधी मोडेम ‘एनेबल’ करावा लागतो; सिम नसेल तर हा मार्ग इथेच अडू शकतो.

नकाशाच्या सॉफ्टवेअरला द्यायचं तर मात्र जीपीएसडी (जीपीएसच्या ओळी अनेक प्रोग्रामना वाटणारा प्रोग्राम) मध्ये घालणं उत्तम, आणि त्याला खरा एनएमईए पोर्ट लागतो. लेनोवोचं कार्ड मूळ मांडणीत तो पोर्ट उघडतच नाही. क्यूएमआयसीएलआय या आज्ञेने कार्डाची यूएसबी मांडणी विचारली तर यादी येते (एटी म्हणजे मोडेमच्या आज्ञांचा पोर्ट, क्यूएमआय आणि एमबीआयएम या इंटरनेट जोडणीच्या पद्धती): ६ म्हणजे निदान, एनएमईए, एटी आणि क्यूएमआय; ८ म्हणजे निदान, एनएमईए, एटी आणि एमबीआयएम; ९ म्हणजे नुसतं एमबीआयएम. तारांकन ९ वर असेल. ते ८ करा आणि कार्ड रीसेट करा. मग तीन नवे पोर्ट येतात, टीटीवाययूएसबी० निदानाचा, टीटीवाययूएसबी१ एनएमईएचा, टीटीवाययूएसबी२ एटी आज्ञांचा.

एनएमईए पोर्ट उघडला तरी सुरुवातीला तो मुका असतो. इथे पुष्कळ जण हार मानतात. रिसीव्हरला जागं करावं लागतं, त्यासाठी त्याच पोर्टात डॉलरचं चिन्ह, लगेच कॅपिटल अक्षरांत जीपीएस, अंडरस्कोर आणि स्टार्ट, अशी एक ओळ लिहायची. शेलमध्ये ती एकेरी अवतरणात द्या, दुहेरीत दिली तर शेल डॉलरला स्वतःचं चिन्ह समजतो आणि पोर्टात रिकामी ओळ जाते. ओळी वाहू लागल्या की जीपीएसडीला तो पोर्ट द्या, आणि ओपनसीपीएन, क्यूजीआयएस दोघांनाही २९४७ या पोर्टावरून एकाच वेळी जोडा. विंडोजवरचं एका पोर्टाला एकच गिऱ्हाईक हे दुखणं इथे नाही. मोडेममॅनेजरचा ‘जीपीएस-अनमॅनेज्ड’ स्रोत वापरला तर तो रिसीव्हर जागा करून एनएमईए पोर्ट जीपीएसडीसाठी मोकळा सोडतो. रोजच्या वापरात तोच नीटनेटका. पोर्ट उघडताना परवानगी नाकारली तर आपला वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात घाला.

मांडणीचा बदल कार्डाच्या स्मृतीत राहतो, म्हणून लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून) तो एकदा करून विंडोजवर परतता येतं. तिथे नव्या पोर्टांसाठी सिएराचा सर्वसाधारण ड्रायव्हर लागतो. तो हाताशी नसेल तर पिवळ्या चिन्हांची रांग दिसेल. इंटरनेटसाठीही तेच कार्ड वापरत असाल तर आधी ड्रायव्हर मिळवा, मग मांडणीला हात लावा.

बाहेरच्या यूएसबी रिसीव्हरशी तुलना

साहजिक प्रश्न: एवढ्यापेक्षा यू-ब्लॉक्स या कंपनीची चिप असलेला, टेबलावर ठेवायचा छोटा यूएसबी रिसीव्हर बरा नाही का? बोटीवर आणि क्यूजीआयएसच्या क्षेत्रकामात विंडोज वापरणाऱ्यांसाठी, हो, बरा. तार लांब असते, आकाश दिसेल तिथे ठेवता येतो, ओळी अस्सल मिळतात. पण त्याचेही हेके आहेत, आणि लक्षण अगदी तेच: सॉफ्टवेअरला दिसत नाही.

यू-ब्लॉक्स ७ किंवा ८ (या चिपच्या पिढ्या) खोचला की विंडोज १० अपडेटमधून ड्रायव्हर आणून त्यालाही सेन्सर बनवून टाकतं, आणि कॉम पोर्ट नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेन्सर्सखालचं ‘यू-ब्लॉक्स जीएनएसएस लोकेशन सेन्सर’ निवडा, अपडेट ड्रायव्हर, मग आपल्याच संगणकातून, मग यादीतून निवडतो म्हणा, आणि ‘यूएसबी सीरियल डिव्हाइस’ घ्या. कॉम पोर्ट परत येतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हेच पुन्हा करावं लागू शकतं.

पोर्टाचा क्रमांक ९ च्या पुढे गेला तर जुनं सॉफ्टवेअर तो उघडू शकत नाही. पोर्ट सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ४ किंवा ५ द्या. ‘वापरात आहे’ असं विंडोज म्हणालं तरी बहुधा तो जुन्या, आता नसलेल्या उपकरणाचा राखीव क्रमांक असतो. यू-ब्लॉक्सच्या थेट यूएसबी जोडणीत बॉडचा आकडा काहीही ठेवा, फरक पडत नाही. सीरियल रूपांतराची चिप असलेल्या रिसीव्हरांत मात्र तो जुळलाच पाहिजे. उदाहरणार्थ बीयू-३५३एस४ या रिसीव्हरला ४८०० लागतो. प्रॉलिफिक कंपनीची जुनी रूपांतर-चिप असलेली उपकरणं नव्या ड्रायव्हरवर चालत नाहीत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागीच ‘२०१२ पासून बंद’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. तो बिघाड नाही, जुना ड्रायव्हर टाकला की चालतं.

माउसचा बाण आपोआप पडद्यावर उड्या मारू लागला, तर विंडोजने येणाऱ्या ओळींना सीरियल माउस समजलंय. माइसच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी परत येईल, डिसेबल करा.

ओळी येतात, पोर्ट उघडा आहे, तरी जुनं सॉफ्टवेअर ‘जीपीएस नाही’ म्हणतं, हे यू-ब्लॉक्स ८ च्या बाबतीत होतं. तो जीपीएस आणि ग्लोनास एकत्र वापरतो म्हणून ओळीची सुरुवात ‘जीपी’ऐवजी ‘जीएन’ने करतो, आणि २०१४ अखेर विक्री थांबलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑटोरूटच्या काळातल्या काही सॉफ्टवेअरना फक्त ‘जीपी’ कळतं. यू-सेंटर या यू-ब्लॉक्सच्या प्रोग्राममधून ग्लोनास बंद करा किंवा ओळीची सुरुवात ‘जीपी’ नेमा. स्वस्त रिसीव्हरांत हे कायमचं जतन करायची फ्लॅश स्मृती नसते, त्यामुळे बरेच दिवस न वापरल्यावर बदल पुसला जातो. यू-ब्लॉक्स ७ एका वेळी एकच प्रणाली वापरतो, म्हणून त्याला हा त्रास नाही. जुन्या सॉफ्टवेअरसाठी मुद्दाम ७ घेण्यात शहाणपण आहे.

भारतात वापरायचं तर आणखी एक मुद्दा यूएसबी रिसीव्हरच्या बाजूने पडतो. गगन या जीपीएसच्या चुका दुरुस्त करणाऱ्या आपल्या सेवेचे उपग्रह, जीसॅट-८ आणि जीसॅट-१०, एनएमईएच्या यादीत ४० आणि ४१ या क्रमांकांनी दिसतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या लागू झाल्या की स्थानाच्या ओळीत गुणवत्तेचा आकडा १ वरून २ होतो. अस्सल ओळी मिळत असतील तर हे डोळ्यांनी पाहता येतं. विंडोजच्या पुलामधून नाही. नाविकची (भारताच्या स्वतःच्या उपग्रह-प्रणालीची) अपेक्षा दोघांकडूनही ठेवू नका. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यांवर बोलतात, आणि एल१ वर (जीपीएसच्या मुख्य सिग्नलच्या पट्ट्यावर) बोलणारा पहिला, एनव्हीएस-०१, २०२३ च्या मे महिन्यात अवकाशात सोडला गेला. हे हार्डवेअर त्याच्या आधीचं आहे.

रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टाला किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कला चिकटून ठेवू नका. यूएसबी ३ चा रेडिओ-गोंगाट जीपीएसच्या पट्ट्यातही पसरतो. मीटरभर तार मध्ये असली की पुरे.

घ्यायचं का

लिनक्स वापरत असाल आणि लॅपटॉपमध्ये कार्ड व ॲन्टेना आधीच असतील, तर बाहेरचं काही घेऊ नका, ईएम७४५५ उत्तम काम देईल. विंडोजवर गाडीतून जाताना नकाशात आपण कुठे आहोत एवढंच हवं असेल, तर पूल टाकून भागतं. विंडोजवर समुद्रात जायचं किंवा मोजणीच्या नोंदी ठेवायच्या, तर यूएसबी रिसीव्हर मुख्य आणि हे कार्ड राखीव, असं ठेवा.

केवळ जीपीएससाठी रिफर्बिश्ड थिंकपॅड पाहत असाल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: डिव्हाइस मॅनेजरमधला सेन्सर्सचा भाग उघडलेला, आणि खालचं झाकण काढून कार्डावर दोन्ही तारा बसलेल्या दिसतील असा. ‘सिम स्लॉट आहे’ हे उत्तर पुरेसं मानू नका. खाच बाहेरून दिसते, आत कार्ड आणि ॲन्टेना असतीलच असं नाही.